एका पेनाची दहा पेनं

पहाटे 5.50

आमच्या डिंडोलीत गजर लावावा लागत नाही. घरामागून उधना-जळगाव रेल्वेमार्ग जातो. पहिली गाडी धडधडत गेली की आई उठते, आणि आई उठली की कुणाची झोपायची बिशाद नसते. याच रुळांवरून माझे वडील चाळीसेक वर्षांपूर्वी अमळनेरहून सुरतेला आले आणि उधन्याच्या एका लूमखात्यात चिकटले. लिंबायत-डिंडोलीत घरोघर हीच गोष्ट ऐकू येते. तापी खानदेशातून वाहत सुरतेला येते, आम्हीही आलो.

उठल्यावर पहिलं काम म्हणजे उशाखालची वही. तीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी लावून दिलेलं. डोळ्यांतला दाब मोजला, पडदा तपासला, नंबर काढला आणि म्हणाल्या, "डोळे ठीक आहेत. आता डोकं कधी दुखतं, कुठे दुखतं, तेव्हा काय करत होतात, एवढं लिहून आणा. आणि कधी दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलटी झाली, तर वही राहू द्या, थेट इकडे या." आज लिहिलं : 5.50, नाही. सकाळची नोंद रोज हीच असते. रात्रभर झोपलं की डोकं कोऱ्या कापडासारखं असतं.

7.15

चहा घेता घेता आईने रोजचा निकाल देऊन टाकला. "दिनभर त्या डबाम्हा डोया घालीसन बठस, मंग डोकं दुखीच ना!" तिला अहिराणीत वाद घालता येतो, मला आता येत नाही. त्यामुळे मी हरतो.

पण डबा काही नवा नाही. अठरा वर्षं झाली मला पंचिंग करायला. साडीवर मशीनने भरतकाम होतं, त्यात सुई कुठे टोचायची, कोणत्या क्रमाने, धागा कुठे तोडायचा, याची फाइल बनवावी लागते. डिझायनर फूल काढतो आणि मी त्या फुलाची एकेक पाकळी टाक्यांत बसवतो. भरगच्च पल्लू असला की लाखभर टाके सहज होतात. अठरा वर्षं हेच काम जुन्या डेस्कटॉपवर केलं. डोळे थकायचे, पण डोकं ठणकायचं नाही.

ठणका सुरू झाला तो धनत्रयोदशीनंतर. त्या दिवशी पूजेला नवा लॅपटॉप ठेवला होता, बारा हप्त्यांचा. ओएलईडी पडदा. काळा रंग डांबरासारखा काळा आणि जरीचा सोनेरी असा की हात लावून बघावासा वाटे. ओएलईडीत पडद्यामागे वेगळा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. दुकानात मी त्याच्या प्रेमात पडलो, हे कबूल करतो.

पुतण्या कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यात प्लॅनर आहे. कच्चा हिरा मशीनने स्कॅन होतो, आणि त्यातून कुठला आकार, किती वजनाचा काढला तर जास्त पैसे सुटतील हे तो स्क्रीनवर ठरवतो. तोही दिवसाचे नऊ तास पडद्यासमोर असतो. माझ्या लॅपटॉपवर रात्री दोन-दोन पिक्चर बघतो. "काका, मला तर काही होत नाही." त्यामुळे घरात एकमत झालंय की दोष लॅपटॉपचा नाही, काकाच्या डोक्याचा आहे.

या शहराला डोळ्यांचं मोल कळत नाही असं नाही. महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारात आजही दलाल पडीकं, म्हणजे हिऱ्यांची कागदी पुडी, उघडून हिरा दिवसाच्या उजेडात धरतो. उत्तरेकडचा उजेड त्यासाठी सगळ्यांत चांगला, कारण ऊन थेट येत नाही आणि उजेड तासातासाला बदलत नाही. स्थिर उजेड. हा शब्द संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात घुमत राहणार होता, सकाळी मात्र तो नुसता येऊन गेला.

8.40

बाईकवरून भाठेना. उत्तरायण चार दिवसांवर आलंय. रस्त्याच्या कडेला खांबाखांबांना दोरी ताणून मांजा रंगवणं चालू आहे, गुलाबी हातांची माणसं पुढेमागे चालताहेत. मी गळ्याला मफलर गुंडाळून गाडी चालवतो. थंडीसाठी नाही, मांज्यासाठी.

9.15

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकी एकच, तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीत उघडणारी. दोन टेबलं, एक एसी, पाठीमागे एक ट्यूबलाइट. लॅपटॉप उघडला आणि रोजच्याप्रमाणे पडद्याचा उजेड कमी केला, पाव हिश्श्यावर आणला. डोळ्यांना जपायला हवं ना.

आजचं काम म्हणजे लग्नसराईची साडी. बॉर्डरला वेल, अंगभर छोटे बुट्टे, पल्लूला मोर. बुट्टे दहा मिनिटांत झाले. मोराने सकाळ खाल्ली.

मोराच्या पिसाऱ्यात भरीव काम असतं. एकाला एक लागून शेकडो समांतर टाके. पडद्यावर ते बारीक पट्ट्यांसारखे दिसतात, एक उजळ, एक गडद. अशा पट्ट्या डोळ्यांना का टोचतात, यावर अर्नोल्ड विल्किन्स नावाच्या इंग्रज संशोधकाने आयुष्य घालवलंय. 1984 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की समांतर पट्ट्यांची ठरावीक जाडी माणसाला सगळ्यांत जास्त त्रास देते. हात लांब करून करंगळी धरली, तर तिच्या रुंदीत साधारण तीन जोड्या बसतील एवढी जाडी. अर्धशिशीवाल्यांना तो त्रास आणखी. मी करंगळी धरून मोर मोजला. झूम थोडा पुढेमागे केला की तीन जोड्या बरोब्बर बसतात. म्हणजे माझा धंदाच मुळात डोकेदुखीच्या मापाचा आहे.

पण मोर तर मी जुन्या पडद्यावरही काढत होतो. तेव्हा काय झालं होतं?

11.40

नोंद : सुरू झालं. डाव्या भुवईच्या वर, मग डोळ्याच्या मागे. कुणी आतून अंगठा दाबतंय असं.

ही वेळ फार हलत नाही, साडेअकरा ते बारा. वहीची पानं उलटली तर रविवारी काहीच नाही. बाहेर कामाला गेलो त्या दिवशी नाही. मागच्या मंगळवारी एका पार्टीच्या ऑफिसात त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर सात तास बसून फाइल दुरुस्त केली, त्या दिवशीही नाही. हे पान मी चार वेळा वाचलं. डॉक्टरांना वही कशाला हवी होती ते आज कळायला लागलं.

याआधी मी काय काय केलं, तेही सांगून टाकतो. आधी चष्मेवाला गाठला. माझं वय त्रेचाळीस, त्यामुळे जवळचा नंबर निघणारच होता आणि निघाला. त्याचा उपयोगही झाला, अक्षरं स्पष्ट झाली. मग त्याने निळा उजेड अडवणारं कोटिंग गळ्यात मारलं. पिवळसर झाकेच्या काचांतून महिनाभर सोनेरी जर आणखी सोनेरी दिसली, डोकं होतं तसंच राहिलं. नंतर कळलं, 2023 साली कॉक्रेन या संस्थेने अशा काचांवरच्या सतरा चाचण्या एकत्र तपासल्या आणि पडद्याने येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी निदान थोड्या काळात तरी कमी होतो असं काही आढळलं नाही. पैसे गेले ते गेले. कोटिंग घेऊ नका, एवढं तुम्हाला सांगायला ते कामी आले.

थेंबांचा मात्र गुण आला. डॉक्टरांनी कृत्रिम अश्रू दिलेत. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, पडद्याकडे टक लावून बसला की निम्म्याहूनही कमी. वर एसीची कोरडी हवा. डोळ्यांची चुरचुर थेंबांनी गेली. अंगठा गेला नाही.

1.30

डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. पोंकचा मोसम आहे म्हणून शेजारच्या गाळ्यातल्या भाईने मूठभर कोवळी हिरवी ज्वारी आणि लिंबू-मिऱ्याची शेव आणून दिली. खाताना डोकं उतरलं. जेवण संपायच्या आत शेठचा फोन, "केम भाई, फाइल मोकली के नहि?" डोकं परत जाग्यावर.

3.10

सॅम्पल बघायला कारखान्यात गेलो. दोन गल्ल्या सोडून आहे. आजच्या दिवसात काही घडलं असेल तर ते इथे.

मशीन मिनिटाला साडेआठशे टाक्यांवर चालत होतं. वीस हेडं एका ओळीत, प्रत्येक हेडाखाली माझा मोर. पिसाऱ्यात धागा तुटतोय का, हे बघायला मी एका सुईशी वाकलो. वर नवीन एलईडी ट्यूब लावलेली. आणि त्या उजेडात मला एक सुई दिसेना. एकाखाली एक चार-पाच सुया हवेत टांगल्यासारख्या दिसत होत्या, प्रत्येक पुसट पण वेगळी. मी मान वळवली, परत पाहिलं. तेच.

वायरमन तिथेच शिडीवर होता. त्याला दाखवलं तर हसला. "ट्यूब हलकी आहे भाऊ. आतला ड्रायव्हर स्वस्तातला. ती पेटत-विझत राहते, आपल्याला दिसत नाही एवढंच."

आणि मला वडील आठवले. लहानपणी त्यांचा डबा घेऊन लूमखात्यात जायचो तेव्हा त्यांनी वर बोट करून दाखवलं होतं : या ओळीतल्या ट्यूब एका फेजवर, शेजारच्या दुसऱ्या, पलीकडच्या तिसऱ्या. का, तर चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, आपली वीज पन्नास हर्ट्झची म्हणून दुप्पट. सगळ्या ट्यूब एकाच तालात लवल्या आणि चाकाचा वेग त्या तालाशी जुळला, तर फिरतं चाक थांबलेलं दिसतं. थांबलंय समजून कुणी हात घातला की बोटं गेली. तीन फेजवर वाटलं की एकीचा काळोख दुसरी भरून काढते. सातवी शिकलेल्या माणसाने दहा वर्षांच्या पोराला हे भाकरीच्या घासांमध्ये समजावलं होतं, आणि ते पोर पुढे तीस वर्षं विसरून गेलं.

मोराचं सॅम्पल चांगलं आलं होतं. मी ते धड न बघताच हो म्हणून निघालो, हे शेठला सांगू नका.

4.25

ऑफिस. ट्यूब बंद. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडलं. उजेड रोजच्या जागी, पाव हिश्श्यावर. टेबलावरचं बारीक पेन उचललं आणि पडद्यासमोर झपाट्याने डावीउजवीकडे हलवलं.

पेन पुसट पंख्यासारखं दिसायला हवं होतं. दिसली फणी. दहा-बारा पेनं, प्रत्येक वेगळी, मध्ये स्वच्छ पांढऱ्या फटी.

मग उजेड वाढवत नेला. निम्म्याच्या पुढे गेल्यावर फणीचे दात पुसट व्हायला लागले, पूर्ण उजेडावर जवळजवळ गेले. परत खाली आणला, दात परत. पाच वेळा केलं. शेजारच्या भाईला बोलावून दाखवलं. त्याला वाटलं, जादूचा खेळ शिकतोय.

प्रकार असा आहे. पडद्याचा उजेड कमी करायच्या दोन तऱ्हा. एक, वीजच कमी सोडायची. ओएलईडीत तसं फार केलं तर रंग बिघडतात. म्हणून बऱ्याच पडद्यांत दुसरी तऱ्हा वापरतात : ठिपका पूर्ण तेजाने पेटवायचा आणि लगेच विझवायचा, परत पेटवायचा. विझलेला वेळ जेवढा जास्त तेवढा पडदा मंद भासतो. लॅपटॉपच्या अनेक ओएलईडी पडद्यांत ही उघडझाप सेकंदाला 240 वेळा होते. सरळ बघत बसलं तर कुणालाच दिसणार नाही. पण डोळा सरळ बघत बसतच नाही, तो या टाक्यावरून त्या टाक्यावर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत त्या उघडझापेचे ठसे पडतात. माझ्या पेनाचे पडले तसेच. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की चित्रात बारीक कडा असतील तर माणसाला सेकंदाला पाचशेच्या वेगाची उघडझापही जाणवू शकते. बारीक कडा म्हणजे माझा मोर, दुसरं काय.

आणि डोकं दुखणं? ते विल्किन्सच्याच जुन्या कामात आहे. 1989 साली त्याने ऑफिसातल्या माणसांवर प्रयोग केला. काही काळ जुन्या चोकच्या ट्यूब, काही काळ सेकंदाला हजारो वेळा लवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या. बसणाऱ्यांना कुठल्या कधी ते सांगितलं नव्हतं. नव्या चोकखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून खाली आला. त्या ट्यूबांचं लवणंही कुणाला दिसत नव्हतं. सगळ्यांनाच त्रास होतो असंही नाही, काहींना खूप होतो, काहींना मुळीच नाही. पुतण्याला मुळीच नाही, मला खूप. त्यात आमच्या दोघांचाही गुण-दोष नाही.

चीड मला एकाच गोष्टीची आली. रोज सकाळी डोळ्यांना जपायचं म्हणून मी उजेड पाव हिश्श्यावर आणत होतो. रात्री घरी बसलो तर आणखी खाली. डोकं जितकं दुखेल तितका उजेड कमी, आणि उजेड जितका कमी तितका विझलेला वेळ जास्त. जखमेवर रोज इमानदारीने मीठ चोळत होतो.

5.35

गच्चीवर. डॉक्टर म्हणतात वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात बारीक काम करणाऱ्यांना त्याचाही सल्ला असाच होता : सारखी मान घालून बसू नका, मधूनमधून नजर दुसरीकडे वळवा. दोघांच्या शब्दाला मान देऊन मी पंधरा मिनिटं पतंग बघितले. लिंबायतच्या बाजूने एक काळा पतंग आला आणि त्याने भाठेन्याचे तीन कापले.

6.10

माळ्यावरून जुना बावीस इंची मॉनिटर काढला. धूळ पुसली, केबल जोडली. हा जुन्या तऱ्हेचा एलसीडी, मागे दिवा. पांढरं पान उघडून उजेड तळापर्यंत नेला आणि पेन हलवलं. पुसट, सलग सावली. एकही दात नाही. सगळे जुने पडदे असे साधे असतात असं नाही, त्यांतही लवणारे निघतात. हा निघाला नाही, एवढंच.

सोनेरी रंग मात्र पार गेला. या पडद्यावर जर हळदीसारखी दिसते. रंग ठरवायची वेळ आली की लॅपटॉपचं झाकण उघडायचं, उजेड पूर्ण ठेवायचा, पानाचा पांढरा रंग सॉफ्टवेअरमधूनच करडा करून घ्यायचा, दहा मिनिटांत काम उरकायचं आणि झाकण लावायचं. बाकी टाके इकडे. टाक्यांना रंग लागत नाही.

7.50

पल्लूची पक्की फाइल गेली. शेठचा निरोप : "सारुं छे." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

9.15

घरी जेवताना वडिलांना फणीचा खेळ करून दाखवला. त्यांच्या एका डोळ्याला मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी त्यांना पहिल्या झटक्यात दिसलं. "एकाच फेजवर हाये," म्हणाले आणि आमटी ओरपायला लागले. पुतण्याने स्वतःच्या मोबाइलवर करून बघितलं, तिथेही दात. आता तो गप्प आहे. आईचं मत बदललेलं नाही.

10.40

वहीत : 11.40 सुरू. 1.30 कमी. 4.00 जोरात. 6.10 नंतर जुना पडदा, 7.50 ला नाही, आता नाही. एका संध्याकाळवरून शपथ घेता येत नाही, पुढचा आठवडा असाच लिहून मग वही डॉक्टरांकडे नेईन. तुम्ही नवा लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा खिशात एक बारीक पेन ठेवा, आणि दुकानदाराला उजेड पाव हिश्श्यावर आणायला सांगा. दुकानात पडदे नेहमी पूर्ण उजेडावर मांडलेले असतात.

माझ्या लॅपटॉपचे नऊ हप्ते अजून जायचे आहेत.